पीडीए बंद झाला, तरी ऑक्सिजनची नळी का?

ताई, २८व्या आठवड्यात जन्मलेलं किलोभराचं बाळ, औषधाने पीडीए (हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी वाट) मिटला नाही म्हणून पुण्यात कॅथेटरने ती वाट बुजवणारं डिव्हाइस बसवलं, आणि आता वाळव्याला घरी आणलंय तरी नाकात नळी आहेच. "हृदयाचं काम झालं ना, मग नळी कशाला?" हा सासूबाईंचा प्रश्न मिरजेत एनआयसीयूची, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची, सिस्टर असताना मी घरोघरच्या आज्यांकडून ऐकलाय. प्रश्न रास्तच आहे.

बाळ पोटात असताना रक्त फुफ्फुसांना वगळून याच वाटेने परस्पर महाधमनीत जातं. पूर्ण दिवसांच्या बाळात ही वाट जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. तुमच्या बाळात ती उघडी राहिली आणि रक्त उलट फुफ्फुसांकडे लोटू लागलं. फुफ्फुसं ओली, जड झाली. त्यात व्हेंटिलेटरचा मार. डिव्हाइसने तो लोट थांबवला, पण मुळात कोवळी आणि वर दुखावलेली फुफ्फुसं त्याने दुरुस्त होत नाहीत. गर्भारपणापासून मोजलेले ३६ आठवडे भरल्यावरही ऑक्सिजन लागला, तर फाइलवर 'बीपीडी', म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असं लिहितात.

"आधीच बंद केला असता तर?" हा विचार सोडा. २०२३ मध्ये युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांमध्ये लवकर आयबुप्रोफेन (पीडीए मिटवायचं औषध) देण्यापेक्षा थांबून पाहणं कुठे कमी पडलं नाही.

फुफ्फुसात नवे वायुकोश पहिली दोन-तीन वर्षं झपाट्याने तयार होत असतात. म्हणून वजन वाढणं हाच खरा इलाज. दूध ओढताना धाप लागत असेल तर थोडं थोडं पाजा, आणि वजन अडलं की डॉक्टरांना सांगा.

आता धुराचं. अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी, शेगडीचा शेक, दोन्ही बंद. सासूबाई रागावतील, रागावू देत. पाहिजे तर माझं नाव सांगा. त्यात आपल्याकडे गळीत हंगाम म्हणजे रानोरान पाचट पेटलेलं. त्या दिवसांत संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. बिडी ओढून आलेल्याने कपडे बदलल्याशिवाय बाळाला उचलायचं नाही. ऑक्सिजनच्या खोलीत समई, उदबत्ती, शेगडी काहीच नको. धुराचा प्रश्न वेगळा, तिथे आगीचीच भीती.

लशी जन्मतारखेप्रमाणेच द्या, दिवस कमी भरले म्हणून पुढे ढकलू नका. सहा महिने झाले की फ्लूची लसही, आणि घरातल्या मोठ्यांनीही ती घ्यावी.

बाळ गुलाबी दिसतंय म्हणून नळी स्वतः काढू नका. ऑक्सिमीटरवर किती आकडा हवा, तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. झोपेत आणि दूध पिताना तो खाली जातो, तेव्हाच बघा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, पुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त श्वास, बरगड्यांखाली खड्डा पडणं, कण्हणं, दूध सोडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. ओठ निळे पडले किंवा श्वास मध्येच थांबला तर १०८ला फोन.

पुढच्या इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) 'डिव्हाइस जागेवर आहे' एवढ्यावर उठू नका. फुफ्फुसांच्या धमनीतला दाब किती आहे, हे मुद्दाम विचारा. बीपीडीच्या बाळात तो वाढू शकतो आणि नुसत्या बघण्याने कळत नाही.