बँड ड्रॉवरमध्ये का गेला?

तुम्ही लिहिलंय, चौदा वर्षांच्या मुलाला हौसेने फिटनेस बँड आणला, तीन आठवडे त्याने रोज दहा हजार पावलं भरली आणि आता तो ड्रॉवरमध्ये पडलाय. माझ्या लेकीचंही अगदी असंच झालं होतं.

एका रात्री ती पलंगावर बसल्या बसल्या मनगट हलवत होती. रोज झोपण्याआधी मी आकडा विचारायचे आणि त्या दिवशी पावलं कमी पडली होती. बँड हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतो, त्यामुळे आकडा सरकत होता, चालणं मात्र शून्य. तिच्या हातावर मी प्रगतिपुस्तक बांधलं होतं, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद केलं, माझ्या फोनमधून तिच्या नोंदी काढून टाकल्या. तुम्हीही आधी एवढंच करा. आणि त्याला आळशी म्हणू नका. ब्रिटनमधल्या १३-१४ वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवडे बँड वापरल्यावर मुलांचा उत्साह उलट घटला होता.

दहा हजारांचा हट्ट सोडा. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विक्रीला आलं. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचं मीटर’. आकडा रूढ झाला तो तिथून. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी मिनिटं सांगते: दिवसाला सरासरी ६० मिनिटं, श्वास वाढेल किंवा धाप लागेल अशी मध्यम ते जोरकस हालचाल. सायकलवर मनगट हँडलला स्थिर असतं, पावलं फारशी मोजलीच जात नाहीत. पोरगं तासभर सायकल दामटून येतं आणि बँडवर काहीच दिसत नाही, मग हिरमुसणार नाही तर काय? त्याला आवडेल तो प्रकार निवडून मिनिटं नोंदवायला शिकवा.

कॅलरींचा रकाना मात्र दिसूच देऊ नका. या वयात शरीर झपाट्याने बदलतं, आकडे बघून जेवण तोडायची सवय लागली की सुटता सुटत नाही. तसं काही जाणवलं तर बँड बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोला.

आमच्याकडे बँड परत हातावर आला तो मैत्रिणींमुळे. चौघींनी आठवड्याच्या मिनिटांची एकत्र बेरीज सुरू केली. एक तापाने आडवी झाली, तेव्हा तिचा वाटा तिघींनी भरून काढला. हल्ली लेक बास्केटबॉल खेळते. मनगटाला रुततो म्हणून खेळताना बँड काढून ठेवते. ती मिनिटं कुठेच नोंदली जात नाहीत आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.