लॅबचा भ्रूण असेल तर ताजाच बसवा
भाऊ, दुसऱ्या गाईत बसवायचे सात दिवसांचे दोन्ही प्रकारचे भ्रूण एकदा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून बघाच. गाईच्या गर्भाशयातून फ्लशिंग करून, म्हणजे द्रवाने धुऊन, काढलेला उजळ दिसतो, पेशी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. लॅबमध्ये फलन करून वाढवलेला काळपट. तो काळपटपणा पेशींतल्या चरबीचा, आणि तीच गोठवताना नडते. वितळवल्यावर लॅबचे भ्रूण जास्त दगावतात. म्हणून सुरुवातीला तरी ताजाच, न गोठवलेला घ्या. ‘ग्रेड १’, म्हणजे दिसायला सगळ्यात चांगला दर्जा, लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, वरून सारखे दिसले तरी लॅबच्या भ्रूणाची गाभ टिकण्याची शक्यता कमीच असते. ज्या गाईत बसवायचा तिला माज कधी आला ते स्वतः टिपून ठेवा, तिथून सातव्या दिवशी भ्रूण बसवा. कधी कधी लॅबच्या भ्रूणाचं वासरू अवाजवी मोठं निघतं, म्हणून तो बसवायला लहान चणीची कालवड निवडूच नका, आणि विताना डॉक्टर जवळ हवाच.