धन्याचं पाणी, सैंधव मीठ आणि 'थकलेली' अ‍ॅड्रिनल

गळ्यातली थायरॉइड आणि मूत्रपिंडांवरची अ‍ॅड्रिनल या दोन ग्रंथींबद्दल आलेल्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारलेला दिसतो: औषधाशिवाय, घरच्या उपायांनी काही जमेल का? त्यांतली सहा पत्रं इथे घेतली आहेत. आकडे सगळे मोठ्या माणसांसाठीचे आहेत, मुलांना लागू करू नयेत.

प्रश्न : वय 41. थायरॉइड कमी पडतं म्हणून तीन वर्षं 75 मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. सकाळी धन्याच्या पाण्याबरोबर गोळी घेते, लगेच चहा, नाश्त्यावर कॅल्शियम आणि लोहाची गोळी. टीएसएच 9 च्या खाली उतरतच नाही. धन्याच्या पाण्याचा गुण किती दिवसांनी येतो? — एक गृहिणी, नाशिक

टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाचा हुकूम देणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं. धन्याच्या पाण्याने टीएसएच उतरतो असं दाखवणारा भरवशाचा अभ्यास नाही. पाण्याने अपायही नाही, आवडत असेल तर प्या. तुमच्या पत्रातली खरी अडचण सकाळच्या क्रमात आहे.

ही गोळी रिकाम्या पोटी घेतली तर साधारण 70 ते 80 टक्के रक्तात उतरते. चहा-कॉफीने हे प्रमाण घटतं. कॅल्शियम आणि लोह तर गोळीला आतड्यातच बांधून ठेवतात, मग ती शौचावाटे निघून जाते. म्हणजे कागदावर 75 असलं तरी अंगी त्याहून बरंच कमी लागत असणार.

उठल्यावर पेलाभर साधं पाणी आणि गोळी. मग किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, काही नाही. त्यानंतर चहा, धन्याचं पाणी, नाश्ता. कॅल्शियम आणि लोह गोळीनंतर चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमारास, आणि तीही एकमेकांपासून लांब ठेवली तर बरं. इसबगोल, अ‍ॅसिडिटीची औषधं, सोयाबीनचं पीठ किंवा वड्या यांनीही गोळी कमी शोषली जाते. सकाळी घाईच असेल तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही चालते. मात्र वेळ रोज बदलू नका. बाटली गॅसजवळच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नका. उष्णता आणि ओल या दोन्हींनी गोळी कमजोर होते.

वेळ सुधारल्यावर रक्त लगेच तपासू नका. हे औषध निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे नवा टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे जातात. आणि क्रम बदलल्याचं डॉक्टरांना नक्की सांगा. तोच 75 चा डोस आता पूर्ण लागू लागेल. मधल्या काळात कुणी डोस वाढवला तर धडधड, हात थरथरणं, झोप उडणं असा उलटा त्रास सुरू होईल. आधी वेळ दुरुस्त, मग डोसचा विचार.

तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या. केसांसाठी बायोटिनच्या 5 किंवा 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असाल तर निदान दोन दिवस आधी थांबवा. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी4, म्हणजे थायरॉइडचं मुख्य हार्मोन, खोटाच जास्त दिसतो. मग थायरॉइड कमी असलेल्या बाईच्या हाती थायरॉइड वाढल्याचा कागद पडतो.

'गोळी कृत्रिम, काढा नैसर्गिक' हे वाक्य पुष्कळ पत्रांत आहे. ग्रंथी जो टी4 बनवते, रेणूने अगदी तोच या गोळीत असतो. हाशिमोटोच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते आणि ग्रंथीच्या पेशीच हळूहळू नष्ट होतात. कारखाना बंद पडल्यावर कच्चा माल कितीही ओतला तरी माल तयार होत नाही.

प्रश्न : थायरॉइड आहे म्हणून कोबी, फ्लॉवर, मुळा आणि बाजरीची भाकरी बंद करायला सांगितलं आहे. हिवाळ्यात बाजरी सोडवत नाही. — शेतकरी, सोलापूर जिल्हा

सोडू नका. कोबी-मुळ्यातली थायरॉइडला अडवणारी द्रव्यं मोकळी करणारं विकर (एन्झाइम) शिजवल्यावर बरंचसं निकामी होतं. कच्च्या कोबीचा पेलाभर रस रोज पिण्याचं खूळ मात्र टाळा.

बाजरीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिच्या कोंड्यातली व्हायटेक्सिनसारखी द्रव्यं थायरॉइडच्या कामात अडथळा आणतात आणि ती भाजल्याने सगळी जात नाहीत. सुदानच्या दारफूर भागात बाजरी आणि गलगंड यांचा संबंध दिसला होता. पण तिथे तिन्ही त्रिकाळ बाजरीच होती आणि आयोडीनची टंचाईही होती. दोन्ही एकत्र आल्यावर घोटाळा होतो. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल, आठवड्यात ज्वारी-गहूही होत असेल, तर संक्रांतीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्यासकट खा.

प्रश्न : सून तीन महिन्यांची गरोदर आहे. घरात दोन वर्षं फक्त सैंधव मीठ वापरतो, नैसर्गिक आहे म्हणून. थायरॉइडला तेच चांगलं ना? — सासूबाई, ठाणे

नाही, आणि हे आजच बदला. सैंधवात आयोडीन जवळजवळ नसतं. गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो आणि ज्या खनिजांची जाहिरात होते ती चिमूटभर मिठात नगण्य असतात. उपासाला सैंधव वापरायला हरकत नाही, रोजचं मीठ आयोडीनयुक्त हवं.

हिशेब असा. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 250. आपल्याकडच्या नियमानुसार ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किलोमागे किमान 15 मिलिग्रॅम आयोडीन असावं लागतं. दिवसाला 5 ग्रॅम मीठ धरलं तर किमान 75 मायक्रोग्रॅम मिळतात. उरलेलं दूध, दही, अंडी, मासे यांतून येतं. शुद्ध शाकाहारी आणि दूधही कमी असलेल्या घरात तूट राहू शकते; गरोदरपणाच्या व्हिटॅमिनच्या गोळीत आयोडीन आहे का, हे डॉक्टरांना विचारा. समुद्रशेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्या मात्र नकोत. त्यांत आयोडीनचं प्रमाण बेभरवशाचं असतं आणि अति आयोडीनने थायरॉइड दोन्ही दिशांना बिघडतं.

मिठाची बरणी झाकणाची, शेगडीपासून लांब ठेवा आणि मीठ जमेल तितकं शेवटी घाला. कांगडा खोऱ्यात 1956 पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात एका विभागाला साधं मीठ आणि दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवलं होतं. आयोडीन मिळालेल्या विभागांत काही वर्षांतच गलगंड स्पष्टपणे घटला. 1962 चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम त्या पायावर उभा राहिला.

पहिले तीन महिने बाळाची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं. सुनेचा टीएसएच तपासला नसेल तर या आठवड्यात तपासा. ती आधीपासून गोळीवर असेल तर गरोदर राहिल्यावर डोस साधारण पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो. बरेच डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू करून मग दर चार आठवड्यांनी रक्त बघतात.

प्रश्न : टीएसएच 6.2, टी4 नॉर्मल. गोळी टाळून अश्वगंधा, कांचनार गुग्गुळ आणि सेलेनियम घ्यावं म्हणतो. — वाचक, वय 55, पुणे

आधी काहीच न घेता दोन-तीन महिन्यांनी, सकाळी त्याच वेळी, पुन्हा तपासा, सोबत अँटी-टीपीओ ही थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणीही. टीएसएच दिवसभरात वरखाली होतो, तापातून उठल्यावर तात्पुरता वाढतो, आणि अशा सौम्य वाढीपैकी बऱ्याच आपोआप मूळपदावर येतात. नेमक्या याच काळात जे चूर्ण चालू असतं त्याला श्रेय मिळतं. टीएसएच 10 च्या वर टिकला, किंवा गर्भधारणेचा विचार असला, तर गोष्ट वेगळी.

अश्वगंधेवर आठ आठवड्यांचा एक छोटा अभ्यास आहे: सौम्य थायरॉइड-न्यूनतेच्या 50 जणांत, रोज 600 मिलिग्रॅम मुळाचा अर्क, आणि टीएसएच उतरला. एवढ्यावरून औषध ठरवणं घाईचं होईल. उलट बाजूला अश्वगंधेमुळे थायरॉइड जास्त झाल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. काविळीचा इतिहास, गरोदरपण, थायरॉइड वाढलेलं असणं यांत अजिबात नको. गोळीबरोबर चोरून तर नकोच, कारण मग टीएसएच कशामुळे हलला ते कुणालाच कळत नाही. कांचनार गुग्गुळाची परंपरा गळ्याच्या गाठींसाठी जुनी आहे, पण टीएसएचवरचा पुरावा अगदी तोकडा आहे. आणि गळ्याला गाठ हाताला लागत असेल तर आधी सोनोग्राफी.

सेलेनियमने अँटीबॉडीचा आकडा उतरतो, पण माणसाला त्याने बरं वाटतं असं पक्कं दिसलेलं नाही. दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. एका ब्राझील नटमध्येच 50 ते 90 मायक्रोग्रॅम असू शकतं. मूठभर खाणारे लोक आहेत, आणि केस गळतात म्हणून आणखी खातात.

प्रश्न : आयटीत चार वर्षं रात्रपाळी. कायम थकवा. ऑनलाइन लाळेची तपासणी केली, 'अ‍ॅड्रिनल फटीग, तिसरी पायरी' असा अहवाल आला. ज्येष्ठमध आणि प्राण्यांच्या ग्रंथींच्या अर्काच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. — वाचक, बेंगळुरू

कॅप्सूल मागवू नका. 'अ‍ॅड्रिनल फटीग' हे नाव 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका पर्यायी उपचारकाने रूढ केलं. ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी दमते आणि तिचं कॉर्टिसॉल हे हार्मोन कमी पडतं, असा तो दावा. 2016 मध्ये ब्राझीलच्या दोन संशोधकांनी या विषयावरचे 58 अभ्यास चाळले, त्यांत दाव्याला आधार सापडला नाही. थकवा खरा आहे, कारण चुकीचं चिकटवलं आहे.

कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं आणि मध्यरात्री तळाला असतं. तुम्ही दुपारी दोनला उठता. तुमची लाळ 'सकाळ' म्हणून घेऊन दिवसाच्या आलेखाशी ताडली तर रेघ सपाट दिसणारच.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक विकर रोखतं. त्यामुळे मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. घसा बसल्यावर काडी चघळणं वेगळं, महिनोन्महिने अर्क घेणं वेगळं. रक्तदाबाच्या रुग्णाने तर नाहीच. आणि 2018 मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा 12 'अ‍ॅड्रिनल सपोर्ट' उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा बाराही उत्पादनांत थायरॉइडचं टी3 हार्मोन आणि 7 मध्ये स्टिरॉइड हार्मोन सापडलं. घेतल्यावर तरतरी वाटते ती त्याची.

तेवढ्याच पैशात हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी12, डी, टीएसएच, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. रात्रपाळी सुटत नसेल तर झोपेचे निदान चार तास रोज, सुट्टीच्या दिवशीही, तेच ठेवा. खोलीला जाड पडदे. पाळीच्या उत्तरार्धात कॉफी बंद. घरी येताना गडद चष्मा. नीरस वाटेल, पण कॅप्सूलपेक्षा खूपच जास्त उपयोगाचं.

अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होते तेव्हा चित्र वेगळं असतं. वजन झरझर उतरतं, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, खारट खावंसं वाटत राहतं, उलट्या होतात, तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळवंडतात. हा अ‍ॅडिसनचा आजार. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण आहे. सकाळी आठच्या रक्तातलं कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असलं तर संशय दाट. एक गोष्ट थायरॉइडवाल्यांनीही लक्षात ठेवावी: हाशिमोटो आणि अ‍ॅडिसन कधी कधी एकाच माणसात असतात, आणि अ‍ॅडिसन ओळखण्याआधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपून जिवावर बेतू शकतं. गोळी सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी चक्कर, उलट्या, अशक्तपणा वाढला तर हे लगेच डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : वडिलांना सांधेदुखीसाठी गावातून 'शंभर टक्के जडीबुटी'ची पुडी मिळते. दोन दिवसांत गुण आला. आठ महिन्यांत चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातापायांच्या काड्या झाल्या, जरा लागलं तरी काळंनिळं होतं. पुडी बंद करावी म्हणतो. — मुलगा, लातूर जिल्हा

एकदम बंद करू नका. तुम्ही लिहिलेलं वर्णन जास्तीच्या स्टिरॉइडचं आहे. अशा बेनामी पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळल्याचे प्रकार आपल्याकडे सापडलेले आहेत. वर्षाची दुखणी दोन दिवसांत पळवणारी जडीबुटी नसते.

बाहेरून स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच औषध, येत राहिलं की मेंदूकडून अ‍ॅड्रिनलला जाणारा हुकूम थांबतो आणि ग्रंथी आकसते. तीन-चार आठवड्यांतही हे होऊ शकतं, इथे तर आठ महिने झाले. पुडी अचानक तोडली की अंगात कॉर्टिसॉलच उरत नाही. मग ताप किंवा जुलाबाचं निमित्त होऊन रक्तदाब कोसळतो.

दोन-चार दिवसांत त्यांना फिजिशियनकडे, शक्य असल्यास एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरकडे न्या. तोवर पुडी आहे तशी चालू ठेवा. डॉक्टर तिच्या जागी मोजका डोस देतील, तो काही आठवडे ते महिने उतरवत नेतील आणि सकाळचं कॉर्टिसॉल बघून थांबवतील. साखर, रक्तदाब, हाडांची घनता आणि डोळे याच फेरीत तपासून घ्या. वर्षभर तरी ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी 'यांना स्टिरॉइड चालू होतं' हे सांगायचं. तशी चिठ्ठी खिशात असू द्या. वांत्या थांबत नसतील किंवा शुद्ध हरपू लागली तर थेट दवाखान्यात, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं हेच सांगायचं, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देण्यात वेळ जाणार नाही.

रिकाम्या झालेल्या पुड्याही फेकू नका, उरलेल्या पावडरीसकट डॉक्टरांकडे घेऊन जा.