ई-पुस्तकाला कागद लागत नाही, मग त्याची किंमत छापील पुस्तकाच्या आसपास का?

तुमचा प्रश्न असा आहे: ई-पुस्तकाला कागद नाही, शाई नाही, बांधणी नाही, वाहतूक नाही. तरी नव्या पुस्तकाची ई-आवृत्ती छापील प्रतीपेक्षा जेमतेम स्वस्त, आणि कधी कधी तर महाग का असते? ही वाचकाची लूट नाही का?

मी पुस्तकनिर्मितीच्या कामात आहे. हस्तलिखित आल्यापासून छपाईची फाइल आणि ई-पबची (ई-पुस्तकाच्या प्रचलित स्वरूपाची) फाइल बाहेर पडेपर्यंतचं सगळं रोज हाताखालून जातं, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. कागद वाचतो हे खरं, पण पुस्तकाच्या किमतीत कागद-छपाईचा वाटा लोकांना वाटतो त्याच्या मानाने फारच थोडा असतो. म्हणून ‘छपाई नाही, तर किंमत पाव करा’ ही मागणी हिशोबात बसत नाही. तरीही ई-पुस्तक स्वस्तच असायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण वेगळं आहे. छापील पुस्तक विकत घेतल्यावर जे हक्क तुमच्याकडे येतात, त्यातले बरेचसे ई-पुस्तकाबरोबर येतच नाहीत.

आधी पैशांचं बघू. 2010 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने प्रकाशन व्यवसायातल्या लोकांशी बोलून एका पुस्तकाचा ढोबळ हिशोब छापला होता. आकडे आता जुने झाले, पण प्रमाण समजून घ्यायला अजूनही तितकेच उपयोगी आहेत. पक्क्या बांधणीचं पुस्तक, छापील किंमत 26 डॉलर. त्यातले 13 डॉलर, म्हणजे सरळ निम्मे, विक्रेत्याकडे जातात. छपाई, गोदाम आणि वाहतूक मिळून 3.25 डॉलर. लेखकाचं मानधन 15 टक्क्यांनी 3.90 डॉलर. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी आणि मजकुराचं संस्करण मिळून 80 सेंट, जाहिरातीला 1 डॉलर. उरतात 4.05 डॉलर, आणि त्यातून प्रकाशकाने जागेचं भाडं, संपादकांचे पगार आणि न खपलेल्या पुस्तकांची तूट भरून काढायची.

छपाई, गोदाम, वाहतूक हे सगळं धरूनही किमतीचा आठवा भाग होतो. तेवढाच वजा केला तर ई-पुस्तक 22-23 डॉलरला विकावं लागेल! प्रत्यक्षात त्याच हिशोबात ई-आवृत्तीची किंमत 12.99 धरली होती, म्हणजे निम्मी. ती परवडते कशी? कारण दुकानाचा वाटा 50 वरून 30 टक्क्यांवर येतो. प्रकाशकाला 9.09 डॉलर मिळतात. फाइल तयार करणं, मुद्रितशोधन वगैरेचे 50 सेंट आणि जाहिरातीचे 78 सेंट गेले, लेखकाला त्याच्या करारानुसार 2.27 ते 3.25 गेले, की प्रकाशकाकडे 4.56 ते 5.54 राहतात.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. वाचकाने निम्मे पैसे दिले, प्रकाशकाकडे छापील प्रतीपेक्षा थोडे जास्तच उरले, आणि लेखकाचे मात्र 3.90 वरून खाली आले. ई-पुस्तकाच्या किमतीवर चर्चा होते तेव्हा वाचक आणि प्रकाशक हे दोघेच भांडताना दिसतात, लेखकाचं नाव कुणी घेत नाही. मोठ्या इंग्रजी प्रकाशनसंस्थांत ई-पुस्तकाचं मानधन साधारणपणे प्रकाशकाच्या निव्वळ प्राप्तीच्या 25 टक्के असतं. ते वाढवा म्हणून लेखकसंघटना वर्षानुवर्षं मागणी करत आहेत, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. न खपलेल्या प्रती परत येणं, त्या ठेवायला जागा लागणं, शेवटी रद्दीत जाणं हा सगळा तोटा ई-पुस्तकात नसतो. त्या बचतीतला हिस्सा लेखकाला मिळायला हवा.

त्या हिशोबातल्या 80 सेंटवर मात्र जाऊ नका. हजारो प्रतींवर विभागला गेला म्हणून तो आकडा एवढासा दिसतो. समजा एक पुस्तक छपाईला जाण्याआधीच त्यावर एक लाख खर्च झाला. दहा हजार वाचक मिळाले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा येतात. शंभरच मिळाले तर हजार. हा खर्च पुस्तक कागदावर वाचलं जातंय की पडद्यावर, हे बघत नाही. त्यामुळे मर्यादित वाचकांसाठीची पुस्तकं, संशोधनग्रंथ, छोट्या भाषांतली पुस्तकं ई-रूपातही महाग वाटतात. तिथे छपाई नव्हे, वाचकसंख्या किंमत ठरवते.

‘फाइल तर तयारच असते, बटण दाबलं की ई-पुस्तक’ असंही बरेचदा ऐकू येतं. निव्वळ गद्य कादंबरी असेल आणि मूळ फाइल शिस्तीत बांधलेली असेल, तर काम खरंच लवकर होतं. पण तक्ते, तळटीपा, आकृत्या, सूची आल्या की चित्र बदलतं. छापील पानावर तळटीप पानाच्या तळाशी असते. ई-पुस्तकात पान ही गोष्टच स्थिर नसते, वाचक अक्षर मोठं करतो आणि सगळा मजकूर सरकतो. प्रत्येक टीपेला जाण्या-येण्याचे दुवे द्यावे लागतात. सूचीतले पृष्ठक्रमांक निरुपयोगी होतात. कवितेची लांब ओळ छोट्या पडद्यावर मोडते आणि कवीने जिथे ओळ तोडलीच नव्हती तिथे ती तुटल्यासारखी दिसते.

जुनी देवनागरी पुस्तकं तर वेगळंच प्रकरण आहे. युनिकोड ही संगणकावरची सर्व लिप्यांसाठीची प्रमाण पद्धत रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टाइप केलेली असत: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. ‘धर्म’ लिहिताना आधी म, मग त्याच्या डोक्यावर रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. रूपांतर करणारी प्रणाली बहुतेक शब्द नीट फिरवते, पण मध्येच एखादा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, एखादं जोडाक्षर फुटून हलंत होतं. हे सुधारायला माणसाने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायलाच लागतं. म्हणजे जे मुद्रितशोधन कागदासाठी एकदा झालं होतं, ते पुन्हा. 1971 मध्ये मायकेल हार्ट यांनी सुरू केलेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हजारो पुस्तकं फुकट मिळतात, पण तिथेही 2000 पासून स्वयंसेवक मूळ पानाचं चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून पानापानाने तपासत आले आहेत. फुकट पुस्तकातसुद्धा श्रम आहेतच, फक्त ते कुणीतरी दान केलेले आहेत.

आता ‘कधी कधी ई-पुस्तक महाग का’ या भागाकडे येतो, कारण लोक सगळ्यात जास्त चिडतात ते यावरच. यामागे निर्मितीखर्च नाही, किंमत कोण ठरवतं हे आहे.

नोव्हेंबर 2007 मध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल हे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं तेव्हा नव्या गाजलेल्या पुस्तकांची ई-किंमत 9.99 डॉलर ठेवली. प्रकाशकाला घाऊक दराने त्याहून जास्त रक्कम द्यावी लागली तरी अ‍ॅमेझॉन तोटा सोसत होतं, कारण वाचनयंत्र आणि ग्राहक दोन्ही त्यांना आपल्याकडे हवे होते. वाचकाच्या मनात मात्र ‘ई-पुस्तकाची खरी किंमत एवढीच’ असं बसलं. प्रकाशकांना धास्ती वाटली की यामुळे पक्क्या बांधणीची पुस्तकं कुणी घेणार नाही. 2010 मध्ये अ‍ॅपलचं आयपॅड आलं आणि त्यासोबत एजन्सी पद्धत आली: ई-पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार, दुकान फक्त 30 टक्के घेणार. ज्या किमती 9.99 होत्या, त्या 12.99 आणि 14.99 वर गेल्या. 2012 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने अ‍ॅपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर संगनमताचा खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, अ‍ॅपल लढलं आणि 2013 मध्ये हरलं. 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिल्यावर 40 कोटी डॉलर वाचकांना परत करायची वेळ आली. त्यामुळे संशय घेणारे वाचक उगाच संशय घेत नव्हते, हेही मान्य करायला हवं.

एजन्सी पद्धत पुढे वेगवेगळ्या करारांनी मोठ्या प्रकाशकांकडे पुन्हा आली आणि आज ती सर्रास आहे. परिणाम असा, की छापील प्रत विक्रेता घाऊक दराने विकत घेतो, ती त्याची होते आणि तो तिच्यावर हवी तेवढी सूट देतो. ई-पुस्तकावर सूट देण्याचं स्वातंत्र्य त्याला सहसा नसतं. म्हणून कागदी बांधणीची प्रत सवलतीत खाली येते आणि ई-आवृत्ती जिथल्या तिथे राहते. कित्येकदा स्वस्त बांधणीची आवृत्ती निघाल्यावर ई-किंमत कमी करायची राहूनच जाते. हा निव्वळ हलगर्जीपणा असतो आणि त्याचं कुठलंही समर्थन मी करणार नाही.

किंमत उतरवली तर विक्री वाढून सगळ्यांचाच फायदा होतो, असा दावा अ‍ॅमेझॉनने 2014 मध्ये आशेट या प्रकाशनसंस्थेशी वाद चालू असताना केला होता: 14.99 ला एक लाख प्रती खपणारं ई-पुस्तक 9.99 ला 1,74,000 खपेल. गणित बरोबर आहे, एकूण रक्कम वाढते. पण त्या वाढीव वाचकांपैकी किती जणांनी एरवी छापील प्रत घेतली असती, हे त्यात धरलेलं नाही. प्रकाशकाची भीती नेमकी तीच असते, आणि पुस्तकांची दुकानं टिकायला हवीत असं वाटणाऱ्या मलाही ती अगदीच अनाठायी वाटत नाही.

करही एक कारण होतं, आणि काही देशांत अजून आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की ई-पुस्तक ही वस्तू नसून सेवा आहे, म्हणून छापील पुस्तकाची करसवलत त्याला लावता येणार नाही. 2018 च्या अखेरीस नियम बदलला. ब्रिटनने ई-पुस्तकावरचा 20 टक्के कर 1 मे 2020 पासून शून्यावर आणला.

‘वस्तू की सेवा’ हा वाद करापुरता नाही. तुम्ही ‘विकत घ्या’ असं लिहिलेलं बटण दाबता, पण बहुतेक दुकानांच्या अटींनुसार तुम्हाला मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या वादावरून जॉर्ज ऑर्वेल यांची काही पुस्तकं वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. विकलेली सगळी पुस्तकं जुलैपासून उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांना वर 25 डॉलर. समासात लिहिलेल्या टिपणांची किंमत कुणी अशी ठरवू शकतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

छापील पुस्तक तुम्ही मित्राला देता, जुन्या पुस्तकांच्या बाजारात विकता, मुलांसाठी ठेवता. डिसेंबर 2019 मध्ये ‘टॉम काबिनेट’ या डच संकेतस्थळाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने वापरलेली ई-पुस्तकं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकायला मनाई केली. ग्रंथालयांचीही तीच गत. हार्परकॉलिन्सने 2011 मध्ये नियम आणला की ई-पुस्तक 26 वेळा दिलं की ग्रंथालयाचा परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. कागदी प्रत शिवून-चिकटवून कितीतरी जास्त वेळा फिरते.

छापील पुस्तकाच्या किमतीतला थोडा भाग तुम्हाला पुढे वसूल करता येतो, ई-पुस्तकाचा नाही. त्यामुळे दोन्हींची किंमत सारखी असेल तर ई-पुस्तक प्रत्यक्षात महाग आहे. प्रकाशकांना मी हेच सांगतो: कागद वाचला म्हणून नव्हे, हक्क कमी दिलेत म्हणून किंमत कमी करा, किंवा हक्क तरी वाढवा. टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनाने 2012 पासून ई-पुस्तकांवरची, नक्कल रोखणारी डिजिटल कुलपं काढून टाकली आहेत. ते जमलं, मग इतरांना न जमण्याचं कारण काय, ते मला कुणी पटवून दिलेलं नाही.

तुम्ही काय घ्यावं? एकदा वाचून बाजूला ठेवायची कादंबरी, प्रवासात न्यायचं जाडजूड पुस्तक, किंवा डोळ्यांना मोठं अक्षर लागत असेल तर ई-पुस्तक. त्यातही थोडी वाट पाहण्याची तयारी असेल तर किंमत कमी होईपर्यंत थांबा, कारण नवेपणा ओसरल्यावर ती अनेकदा उतरते. तक्ते-आकृत्यांचं पुस्तक घेण्याआधी नमुना प्रकरण जरूर उघडून बघा. तिथेच तळटीपा आणि चित्रं बिघडलेली दिसली तर पैसे घालू नका. संदर्भासाठी पुन्हा पुन्हा लागणारं किंवा दुसऱ्याला द्यावंसं वाटणारं पुस्तक कागदावरच घ्या. आणि स्वतः प्रकाशित करणारे लेखक असतील तर त्यांचं ई-पुस्तक अवश्य घ्या: अ‍ॅमेझॉनवर 2.99 ते 9.99 डॉलरच्या दरम्यान किंमत ठेवली तर ठरावीक देशांतल्या विक्रीवर, फाइलच्या आकारानुसार थोडा पाठवणी खर्च वजा जाऊन, 70 टक्के लेखकाला मिळतात.