आधी दार बंद कसं होतं ते बघ

प्रिय,

वाई, मेणवली आणि पणजीचे तुझे फोटो सावकाश पाहिले. रंगाची नजर चांगली आहे. पण एकाही फोटोवरून ते दार आत उघडतं की बाहेर, रात्री त्याला काय लावत असतील, हे सांगता येत नाही. हिरवा आयत, निळा आयत, पिवळ्या भिंतीतला तपकिरी आयत, असंच सगळं झालंय. तेव्हा यापुढे एक कर. दार बंद कसं होतं हे समजल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नकोस.

वाड्याच्या थोरल्या दरवाजापाशी गेलीस की आधी बिजागरी शोध. बऱ्याचदा ती सापडणारच नाही. झडपेच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचीच खुंटासारखी टोकं काढलेली असतात. खालचं टोक उंबऱ्यामागच्या खळग्यात बसतं, वरचं चौकटीमागच्या भोकात, आणि झडपेचा सगळा भार खालच्या टोकावर. ते झिजत गेलं की झडप कलते आणि उघडताना उंबऱ्याच्या आतल्या फरशीवर कमानीसारखा ओरखडा उमटतो. हा ओरखडा सकाळच्या तिरप्या उन्हात सुंदर दिसतो, आणि तुझ्या मेणवलीच्या सगळ्या फोटोंत तो चौकटीबाहेर राहिलाय. मग आत जाऊन दोन्ही बाजूंच्या भिंती बघ. समोरासमोर चौकोनी भोकं दिसतील, एक उथळ, दुसरं भिंतीत लांबवर गेलेलं. दिवसा अडसर, म्हणजे दाराला आडवा लावायचा लाकडी दांडा, त्या लांब भोकात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दोन्ही झडपांवर आडवा घ्यायचा. वाड्याच्या दाराची खरी गंमत आतल्या अंगाला असते. बाहेरची, चौकटीच्या माथ्यावरची गणेशपट्टी सगळेच टिपतात.

पुण्यात आहेस तोवर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पुन्हा नीट बघून ये. वाड्याची पायाभरणी 1730ची. झडपांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला बसवलेत, धडक देणाऱ्या हत्तीसाठी. दरवाजा एकटाच फोटोत घेतलास तर ते खिळे नुसती नक्षी वाटतात. शेजारून माणूस जाऊ दे, मग उंची कळेल आणि खिळ्यांचं कामही कळेल. झडपेतच एक दिंडी, म्हणजे छोटं दार, आहे. तिच्यातून एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकतो. वाकलेल्या माणसाची मान आधी आत येते, हे पहारेकऱ्याला किती सोयीचं असेल! माणूस दिंडीतून जात असताना फोटो घेतलास तर हे लिहून सांगावं लागणार नाही.

गोव्याच्या शिंपल्यांच्या खिडक्यांबद्दल मात्र माझी तक्रार मोठी आहे. तू त्या रस्त्यावरून, भर दुपारी काढल्यास. बाहेरून त्या राखाडी, खडूसारख्या मठ्ठच दिसणार. काच महाग होती, दुरून यायची, म्हणून चपट्या शिंपल्यांचे पातळ चौकोन कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकामागून एक सरकवत. एकेक चौकोन तळहाताहून लहान, आणि दोन सारखे कधीच नाहीत. एखाद्यात शिंपल्याच्या वाढीच्या बारीक रेघा दिसतात, एखादा कडेला पिवळा पडलेला असतो, एखादा फुटला म्हणून तिथे पत्रा नाहीतर साधी काच बसवलेली असते. खिडकी मिटलेली असतानाही खोलीत दुधट, सावली न पाडणारा उजेड येतो. धो धो पावसाच्या मुलखात याची किंमत तुला कळेल. म्हणून ही खिडकी आतून बघायची. चांदोरच्या ब्रागांझा घरासारखी काही जुनी घरं पाहुण्यांना आतून दाखवतात, तिथे खिडक्यांपाशी जरा जास्त रेंगाळ. कॅमेऱ्याने उजेड खिडकीवर मोजून घे, फोटोत खोली काळी पडली तर पडू दे. बाहेरूनच काढायची असेल तर तिन्हीसांजेला, आत दिवा लागल्यावर.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. फोनची सगळ्यात रुंद लेन्स विसर, तिच्याने चौकटी बाहेर फुगतात. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम वापर. बोळात मागे जायला जागाच नसेल तर अख्ख्या दाराचा हट्ट सोड, कडी-कोयंडा घे, उंबरा घे. कॅमेरा दाराच्या निम्म्या उंचीला धर. मान वर करून काढलेलं दार माथ्याकडे निमुळतं होतं. नंतर सरळ करता येतं, पण त्यासाठी चारी बाजूंना जागा सोडलेली हवी. लाकडावरच्या कोरीवकामाला फ्लॅश कधीच नको. दारावर ऊन केव्हा येतं ते ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचार, त्यांना मिनिटानिशी माहीत असतं.

आणि विचारायचंच आहे तर फोटोचंही विचार. “काकू, दाराचा फोटो काढू का?” म्हटलं की काकू आधी केरसुणी आणि चपला उचलायला धावतील. त्यांना थांबव. दसऱ्याचं वाळलेलं तोरण, विजेचा मीटर, पल्स पोलिओवाल्यांनी खडूने लिहून ठेवलेली खूण, हे सगळं त्या दाराचंच आहे. वाईच्या एका फोटोत ती खडूची खूण तू कापून टाकलीस, कडेला तिचं एक टोक राहिलंय म्हणून मला कळलं. मूळ फोटो असेल तर तोच ठेव. पणजीच्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीतले रहिवासी मात्र आपल्या पायऱ्यांवर चढून पोझ देणाऱ्यांना कंटाळलेत. तिथे कोणी नको म्हटलं तर वाद न घालता पुढे जा.

कुलूपबंद घराच्या कोरीव दाराचा नेमका पत्ता फोटोखाली लिहू नकोस. अशा दारांना गिऱ्हाईक असतं. वाडा पाडला की दार जुन्या वस्तूंच्या दुकानात जातं, तिथून एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीवर. तिथे ते दिसतं झकास, पण उघडत नाही. असल्या दारांचे फोटो मला पाठवू नकोस, मी रागावेन. तुझ्या वहीत मात्र सगळं असू दे: गाव, आळी, दाराचं तोंड कुठल्या दिशेला, तारीख, आणि घरच्यांनी दाराबद्दल सांगितलेलं काहीही.

दिवाळीत नाशिकला जाणार आहेस ना? गोदाकाठच्या जुन्या आळ्यांत हिंडून ये. एका दाराचे चार फोटो पाठव: समोरून, आतून, खालचा खळगा, आणि दार लावतानाचा घरातल्याच कोणाचा तरी हात. बाकीची पन्नास दारं नंतर पाहू.

कळावे,
तुझा काका