स्लोला थरथरणारा जुना ट्रक: आधी हवा शोध

स्लोला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी थरथरायला लागली की लगेच नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खोलायला बसू नकोस. आपल्या सोलापूरच्या उन्हात जुने रबरी पाइप कडक होऊन चिरतात, तेव्हा आधी डिझेल लाइन हवा घेतेय का ते बघ. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. इंजिन चालू असताना तिथली बारीक चीर डिझेल गाळत नाही, हवा आत ओढते. म्हणून खाली थेंब दिसला नाही तरी लाइन चांगली आहे असं धरू नकोस. फिल्टर आणि डिझेल पंपाच्या (नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाच्या) मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा टाक. बुडबुडे पळताना दिसले तर मागे मागे जात प्रत्येक क्लिप, प्रत्येक जॉइंट तपास. डिझेल लाइनच्या जॉइंटच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर एकदा खोलले की नवेच टाक, यात कंजूषी नको.

हवा नसेल तर एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरासा सैल कर. आवाज बदलला नाही तर तोच सिलिंडर मिसिंग, म्हणजे नीट पेटत नाही. हात मात्र लांब ठेव बाबा, त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं.

राहिला व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ. ब्रेकच्या व्हॅक्यूमची नळी गळाली तर पेडल कडक होतं, डिझेल इंजिन त्याने सहसा थरथरत नाही. पण जुन्या डिझेल पंपाला व्हॅक्यूमचा गव्हर्नर (इंजिनचा वेग आवरणारा भाग) असेल तर त्याची नळी चिरली किंवा आतला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, फाटला की रेस आपोआप चढते. अशी गाडी ऊस भरून विजापूर रोडला काढूच नकोस, आधी डायफ्राम बदल.