ओढ्याच्या प्रदूषणावर पीएचडी करतोय. नमुने किती दिवसांनी घ्यावेत? प्रवाहही मोजावा लागतो का?

प्रवाह मोजलाच पाहिजे. तो नसेल तर मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा अर्धवट आहे, खाली किती घाण गेली हे त्यातून कळतच नाही.

मी सव्वा वर्ष दर पंधरवड्याला बाटली भरत होतो. एकूण फॉस्फरस कायम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास. खालची पाणथळ मात्र शेवाळानं भरलेली, ते कशावर पोसलं जातंय कळेना. शेवटी एका पावसाच्या रात्री काठावरच थांबलो. तासाला एक, अशा अकरा बाटल्या. विसर्ग सेकंदाला ५० लिटरवरून २००० वर गेला आणि फॉस्फरस ०.१ वरून १ वर. नुसतं प्रमाण बघितलं तर दहापट. पण सेकंदाला वाहून जाणारा फॉस्फरस ५ मिलिग्रॅमचा २००० झाला, म्हणजे चारशेपट! तो मातीच्या कणांना चिकटून येतो आणि माती हलते ती पुरात. त्यातही पाणी चढताना जास्त. ओसरताना पाण्याची उंची मोजायच्या पट्टीवर तीच पातळी होती, पण पाणी बरंच निवळलेलं, कारण सुटी माती आधीच धुऊन गेली होती.

गाईड म्हणाले, "ही अपवादात्मक रात्र आहे, वगळा." मी वगळली. प्रबंध मंजूर झाला, पण त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही वगळू नका. वर्षभरातला बराचसा फॉस्फरस अशा मोजक्या पुरांतच जातो. स्वयंचलित सॅम्पलर (आपोआप बाटल्या भरणारं यंत्र) मिळाला तर पातळी वाढताच सुरू होईल असा लावा.

नायट्रेटचं वेगळं. ते बऱ्याचदा भूजलातून झिरपत येतं आणि पुरात उलट पातळ होतं, तिथे पंधरवडा चालून जातो. आणि रात्री पुराजवळ एकट्यानं जाऊ नका, मी गेलो ते चूकच होतं.

सरांचा एक आक्षेप मात्र रास्त होता. विसर्ग मी पातळीवरून विसर्ग सांगणाऱ्या आलेखावरून काढला होता आणि तो आलेख तितक्या उंचीपर्यंत तपासलेला नव्हता. ठीक आहे, २००० ऐवजी १५०० धरा. तरी तीनशेपट होतं.